गोदामाखालची पोकळी

सोमवारी तिसऱ्यांदा मोजलं, तरी यंत्र तेच सांगत होतं. गोदामाच्या फरशीखाली जमीनच नव्हती.

कापड रंगवायच्या त्या जुन्या कारखान्यावर नवा मजला चढवायचा होता, म्हणून मोजणीवालीला बोलावलं होतं. तिच्या क्वांटम यंत्रात गारठवून जवळजवळ थिजवलेले अणू खाली सोडले जात. पायाखाली पोकळी असली, की ते केसभर हळू पडत. न खणता जमिनीच्या पोटातलं कळे.

नकाशात इथे काहीच नव्हतं. पडद्यावर मात्र विहिरीएवढा गोल खड्डा दिसत होता.

"फरशी फोडायची नाही," मालक ठाम होते. "काम बंद पडेल."

मुकादम समजुतीने म्हणाला, "मॅडम, गुरुवारी परत मोजा ना. यंत्रच ते, चुकायचंच."

दाराशी कापड धुणारी बाई उभी होती. तिचा नवरा इथलाच रंगारी. अकरा वर्षांपूर्वी कामावर आला, तो घरी परतलाच नाही. दुसरीचा हात धरून पळाला, असं सगळे म्हणत.

"ताई," ती हळूच म्हणाली, "दुपारी मी इथे घटकाभर आडवी होते. खाली कोणीतरी आहे असं वाटत राहतं. लोक मला वेडी म्हणतात."

 मोजणीवालीने गोदामाला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःकडे ठेवली.

गुरुवारी पोकळी निम्म्याहून कमी झाली होती! फरशीला साधा तडाही नव्हता. मोजणीवाली शेजारच्या रंगखोलीत गेली. निळा हौद कोरडा ठणठणीत होता.

"हा रिकामा का?"

"गळतोय म्हणे. मुकादमांनी सोमवारीच उपसायला लावला," धुणारी म्हणाली.

हौदाच्या तळाशी एका जुन्या नळीचं तोंड होतं आणि भोवतीच्या निळ्या डागांवर वाळू चिकटली होती. मोजणीवालीने पोलिसांना फोन केला.

तासाभरात सगळे गोदामात जमले.

"माझा संशय आधी मालकांवर होता," ती म्हणाली. "पण त्यांना फक्त कामाची काळजी होती. गुरुवारचा वायदा कोणी मागितला? ज्याला मधले दिवस हवे होते, त्याने. हौदाच्या तळातली जुनी नळी फरशीखालच्या या जुन्या विहिरीत उतरते. रंगखोलीची किल्ली एकट्या मुकादमांच्या कमरेला असते. त्यांनी हौद उपसला आणि नळीतून वाळू सोडली. वाटलं, खड्डा बुजला की यंत्र गप्प बसेल. पण पोकळी आपोआप बुजत नाही. ज्याने बुजवली, त्याला खाली काय आहे ते ठाऊक होतं."

 मुकादम मटकन खाली बसला.

"चोरून रंगाचं पाणी विहिरीत सोडायचो. नळी तुंबली. दोर न बांधताच रंगाऱ्याला खाली उतरवलं. पाय निसटला. बोभाटा झाला असता तर मी तुरुंगात गेलो असतो. म्हणून वर स्लॅब टाकला."

"आणि पळाला ही आवई?" पोलिसांनी विचारलं.

"मीच उठवली."

धुणारी पुढे झाली. "पडला तेव्हाच गेला का तो?"



"हाका मारत होता," मुकादम पुटपुटला. "दोन दिवस मी कारखान्यातली यंत्रं बंदच होऊ दिली नाहीत."

 धुणारीने कोपऱ्यातली पहार उचलली आणि फरशीवर पहिला घाव स्वतः घातला.