हिचा रंग

रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी आमच्या घरातला फोटो प्रिंटर सुरू झाला.

त्याचा प्लग माझ्या हातात होता.

आत एकही कार्ट्रिज नव्हतं. कागद एकच होता, आणि त्याच्या मागे मी आधीच सही करून ठेवली होती.

खोलीत आम्ही चौघं होतो. त्यातल्या दोघांना मी नंतर वेगवेगळं गाठून विचारलं, एकाचं दुसऱ्याला कळू न देता. दोघांनी तेच सांगितलं. म्हणून हे लिहितोय. वर्तमानपत्राच्या डेस्कवर माझी एकोणीस वर्षं गेली आहेत. एकाच माणसाने सांगितलेली बातमी आम्ही छापत नाही.

जे मला कळलेलं नाही, ते कळलेलं नाही असंच लिहीन.

माझं लग्न उशिरा झालं. बायकोचं हे दुसरं. तिचा पहिला नवरा तीन वर्षांपूर्वी अचानक गेला. नोकरी सांभाळून तो घरी फोटो छापून द्यायचा. पासपोर्टचे, वाढदिवसाचे, शाळेच्या स्नेहसंमेलनाचे. बिल्डिंगमध्ये सगळे त्याला 'फोटोवाले' म्हणत. माझं घर भाड्याचं आणि हिचं स्वतःचं, म्हणून मीच इकडे राहायला आलो.

खालच्या मजल्यावरच्या काकू पहिल्याच दिवशी जिन्यात भेटल्या.

"या जावईबापू. बॅगा घेऊन सासरी नांदायला आलेला नवरा पहिल्यांदाच बघतेय."

मी हसलो. तेव्हा हसू यायचं.

हिने माझ्यासाठी घर रिकामं केलं. कपाट, चपलांचा स्टँड, पलंगाची खिडकीकडची बाजू. एक गोष्ट तेवढी हलली नाही. आतल्या खोलीत पश्चिमेच्या खिडकीजवळ एक लोखंडी टेबल होतं. त्यावर प्रिंटर.

"असू दे ना," ती म्हणाली. "तुमच्या काय आड येतोय?"

टेबलाखाली एक खोका होता. एकदा ही बाहेर गेली असताना मी तो उघडला.

आत फोटो होते. दोनशे अठ्ठ्याऐंशी. मी मोजले.

सगळे... एकाच फोटोच्या प्रती.

ही खिडकीशी बसलेली. निळा कुर्ता. सरळ कॅमेऱ्याकडे बघणारी. हसत नव्हती. आता काहीतरी बोलेल, आणि ते फक्त समोरच्या माणसालाच ऐकू जाईल, अशी नजर.

तशी नजर माझ्या वाट्याला कधी आली नव्हती.

प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीने तारीख, वेळ आणि एक शेरा. 'लाल जास्त.' 'गाल पिवळट.' 'मान जमली, कपाळ नाही.' तारखा वेगळ्या. वेळ मात्र दरवेळी चार-दहा.

संध्याकाळी विचारलं. ती भाजी चिरत होती, मानही वर केली नाही.

"अहो, ते टेस्टचे. कंपनीची कार्ट्रिज ते कधीच घ्यायचे नाहीत. बाहेरची आणायचे आणि संपली की सिरिंजने स्वतःच भरायचे. बाहेरच्या शाईचा रंग दरवेळी थोडा इकडेतिकडे होतो. म्हणून गिऱ्हाइकाचं काम छापायच्या आधी माझा हा फोटो छापून बघायचे. माझा रंग त्यांना पाठ होता."

"आणि चार-दहालाच का?"

"तेव्हा त्या खिडकीत चांगलं ऊन येतं. रंग बघायला उजेड नको?"

माझा रंग त्यांना पाठ होता.

हे वाक्य मी तीन दिवस घोळवत होतो. मला कुणी हिच्या डोळ्यांचा रंग विचारला असता तर मी काळा सांगितला असता. तपकिरी आहेत. मुद्दाम जवळ जाऊन बघावे लागले.

जिवंत माणसाचा हेवा केला तर निदान त्याच्याशी भांडता येतं. शिवाय तो म्हातारा होतो, त्याला ढेरी सुटते, तो घोरतो. मेलेला आहे तिथेच थांबतो, देखणाच्या देखणा.

टेबलावरच्या फळीवर शाईच्या सहा बाटल्या होत्या. पाचांवर दुकानाची लेबलं. सहावीत फिकट गुलाबी शाई होती, त्याने स्वतः पातळ करून जमवलेली. लेबलाच्या जागी चिकटपट्टी, त्यावर त्याचं अक्षर...

'हिचा रंग.'

तळाला दोन बोटं शाई उरली होती.

मी ठरवलं, याच शाईने माझा आणि हिचा फोटो छापायचा. बाटली कोरडी होईपर्यंत छापायचा. त्याच्याच मशीनवर, त्याच्याच शाईने.

ही चूक माझी. तिचं खापर मी कुणावर फोडत नाही.

कार्ट्रिज भरली. तीन वर्षं पडून राहिल्याने शाई सोडणारं हेड तुंबलं होतं, तीनदा साफ केलं. मग लग्न नोंदवलं त्या दिवशीचा फोटो छापला. ही आणि मी, तिचा हात माझ्या दंडावर. नऊ प्रती निघाल्या आणि बाटली संपली. एक फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावली, आठ पाकिटात घालून कपाटाच्या खणात ठेवल्या.

ही फ्रेमसमोर उभी राहिली. "छान आलाय हो. अगदी त्यांच्यासारखा रंग जमलाय."

मी "हो" म्हणालो.

आठव्या दिवशी फ्रेममधला माझा चेहरा फिकट दिसला.

बाराव्या दिवशी पिवळा.

तिसऱ्या आठवड्यात... फोटोत ही एकटी उभी होती. तिचा हात हवेत, कशावर तरी टेकलेला. शेजारी कोरा कागद.

ही मात्र काल छापल्यासारखी ताजी.

प्रिंटर दुरुस्त करणारा मेकॅनिक फोटोवाल्यांच्या ओळखीचा होता. त्याला बोलावलं.

"बाहेरची शाई आहे साहेब, उडणारच. उन्हाने उडते, हवेने उडते. मी त्यांनाही सांगून थकलो होतो."

"मग हिचा चेहरा कसा राहिला?"

त्याने फ्रेम खिडकीशी नेली. बराच वेळ बघत राहिला.

"उडते ती सगळ्या कागदावरून उडते," तो हळू म्हणाला. "माणूस बघून नाही उडत."

मी खणातलं पाकीट काढलं. त्याला ना ऊन लागलं होतं, ना हवा.

आठही प्रतींत मी नव्हतो.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीची कार्ट्रिज आणली. सीलबंद, सहाही. मेकॅनिकनेच बसवली. छोट्या पडद्यावर अक्षरं आली: 'कार्ट्रिज ओळखता येत नाही.' काढून पुन्हा बसवली. तेच.

मेकॅनिक हसायला लागला. "हे बरंय. बाहेरचं घातलं की मशीन कुरकुर करतं, हे रोज बघतो. कंपनीचं नको म्हणणारं पहिल्यांदाच बघतोय."

ही दारात उभी होती. ती हसली नाही.

माझी ड्यूटी दुपारी तीनला सुरू होते. रविवार सोडला तर चार-दहाला मी कधीच घरी नसतो. हे इथे सांगायला हवं, कारण त्यानंतरच्या गुरुवारी रात्री घरी आलो तर प्रिंटरच्या ट्रेमध्ये एक फोटो होता.

ही. खिडकीशी. तीच नजर.

पण कुर्ता निळा नव्हता. हिरवा होता. उजव्या बाहीवर इस्त्रीचा डाग होता... तो डाग त्याच दिवशी सकाळी अकराला माझ्या हातून पडला होता.

मी तिला उठवलं.

"कोण आलं होतं?"

"कोण येणार?"

"मग हा फोटो कुणी काढला?"

"मला काय माहीत? चारच्या सुमारास डोळा लागला होता माझा."

"यात झोपलेली दिसतेस?"

तिने फोटो हातात घेतला. ती घाबरेल असं मला वाटलं होतं. घाबरली असती तर मी तिला जवळ घेतलं असतं. सगळं तिथेच मिटलं असतं.

तिने फक्त बाहीवरून बोट फिरवलं.

"डाग फारसा कळत नाही यात," ती म्हणाली.

मी तिचा फोन तपासला. लाज वाटते, पण तपासला. काहीच नव्हतं. काकूंना आडून विचारलं, मी नसताना घरी कुणी येतं का?

"येतं ना. मी येते. साखर मागायला." मग माझा चेहरा बघून त्या थांबल्या. "जावईबापू, संशय घ्यायचा तर माणसाचा तरी घ्या. ती पोर दुपारभर एकटी असते."

दहा दिवसांत आणखी सात फोटो आले. दरवेळी हिच्या अंगावर त्या दिवशीचे कपडे. मधल्या रविवारी मी घरी होतो. त्या दिवशी मशीन गप्प. त्याने माझा संशय कमी झाला नाही, वाढलाच.

म्हणून पुढच्या रविवारी मी मेकॅनिकला आणि काकूंना साक्षीला बोलावलं.

सहाही कार्ट्रिज काढून पिशवीत घातली आणि पिशवी काकूंच्या मांडीवर दिली. कॉम्प्युटरची वायर काढली. ट्रेमध्ये सही केलेला तो एक कागद ठेवला. प्लग उपसला आणि हातात धरला. हिला खिडकीशी खुर्चीवर बसवलं.

"मला कशाला बसवताय?" तिने विचारलं.

"तू बस."

"काही होत नाही हे बघायला एवढी माणसं!" काकू म्हणाल्या. "निदान चहा तरी टाका."

चार-आठ.

चार-नऊ. ऊन टेबलाच्या कडेवर आलं.

चार-दहा...

आत काहीतरी सरकलं. खट.

मग हेड फिरू लागलं. खर्र... थांबलं. खर्र...

कागद आत ओढला गेला.

मी घड्याळ बघत होतो, तेवढं एकच काम मला सुचत होतं. एक मिनिट चाळीस सेकंद लागले.

कागद बाहेर आला. मेकॅनिकने उचलला.

ती हीच खोली होती. हीच वेळ. खोलीच्या मधोमधून काढलेला फोटो... तिथे कुणीच उभं नव्हतं. मेकॅनिक वाकलेला, तोंड उघडं. काकू, मांडीवर पिशवी. टेबलावरून निघालेली वायर कमरेच्या उंचीवर हवेत थांबलेली, टोकाला प्लग.

प्लग धरणारा हात नव्हता. मी नव्हतो.

कागद उलटला. माझी सही जागेवर होती.

मेकॅनिकने एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "साहेब... तुम्ही इथेच उभे होतात ना?"

काकू उठल्या. पिशवी खाली ठेवली आणि निघून गेल्या.

फोटोत मेकॅनिक आणि काकू प्रिंटरकडे बघत होते. ही एकटी कॅमेऱ्याकडे बघत होती.

सोमवारी मेकॅनिकने आपल्या दुकानात मशीन उघडलं. मी समोर बसलो होतो. हेड साफ होताना दरवेळी थोडी शाई वाया जाते आणि तळाच्या स्पंजमध्ये मुरते. इतक्या जुन्या मशीनचा स्पंज काळाकुट्ट, चिकट असायला हवा, असं तो म्हणाला.

त्याने स्पंज चिमट्याने वर काढला.

कोरडा होता. पांढरा.

"सात वर्षं त्यांनी यात शाई ओतली," मेकॅनिक म्हणाला. "मी स्वतः बघितलंय. गेली कुठे?"

मशीनचे सुटे भाग करून ते त्याच दिवशी भंगारात दिले. घरी सांगितलं तेव्हा ही एवढंच म्हणाली, "तुम्हाला बरं वाटत असेल तर ठीक आहे." फोटोंचा खोकाही मी उचलून टाकून दिला, तरी ती आड आली नाही. मला वाटलं, संपलं.

पुढचे अकरा दिवस घरात काहीही झालं नाही. ही माझ्याशी नीट बोलत होती, डबा भरून देत होती. एकदा माझ्या एका विनोदावर पोट धरून हसलीसुद्धा.

काल मी ड्यूटी बदलून घेतली आणि न कळवता चारच्या सुमारास घरी आलो. सिनेमाला जाऊ म्हणून. दोन तिकिटं खिशात होती.

बाहेरच्या खोलीत ही नव्हती.

ती आत होती. रिकाम्या टेबलाजवळ, खिडकीशी, खुर्चीत. केस नीट विंचरलेले. पाठ ताठ. माझ्या पावलांचा आवाज तिला ऐकू गेला असणार, पण तिने वळून पाहिलं नाही.

ती खोलीच्या मधोमध बघत होती. तिथे कुणी नव्हतं.

मी आत गेलो. तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"अगं..."

तिची नजर माझ्या खांद्याच्या कडेने पलीकडे गेली. मग तिने हाताने हलकी खूण केली. रागाने नाही. आपण लहान मुलाला करतो तशी.

"अहो, जरा बाजूला व्हा ना," ती म्हणाली. "मध्ये येताय."

भिंतीवरच्या घड्याळात चार-दहा झाले होते.

मी बाजूला झालो.