पेनवर्नची घंटा

इंग्लंडच्या डेव्हनपोर्ट बंदरात, नव्या 'पेनवर्न' युद्धनौकेच्या डेकवर पाहुण्यांना चहा-केक वाटत होते. विनिफ्रेड ट्रेगियरने कपाला हातही लावला नाही. तिथली लाकडी पाटी वाचून तिचं डोकं फिरलं होतं.

पाटीवर सोनेरी अक्षरांत याच नावाच्या आधीच्या नौका: पहिली पेनवर्न, दुसरी, तिसरी, कुणी कुठली लढाई जिंकली ते सगळं. तिसरी महायुद्धात, एकोणीसशे बेचाळीस साली, दोनशे तीन पोरांसकट बुडाली, त्याबद्दल चकार शब्द नाही. त्यातला एक तिचा डेंझिल. वय एकोणीस.

"अहो साहेब, माझ्या मुलाचं नाव कुठंय?"

"पाटीवर फक्त विजय लिहितात, बाई," तरुण अधिकारी म्हणाला. "जहाज गेलं तरी पेनवर्न जात नाही. ही तीच आहे."

"तीच? मग माझा डेंझिल आणून दाखवा की! पोरं पुसून टाकलीत आणि वर चौथी रंगवून उभी केलीत. लाज कशी वाटत नाही?"

"विनी, जरा सबुरीनं," नवरा जागो पुटपुटला.

"तू गप्प बस! घंटेत त्याचं नाव कोरलं तेव्हा छाती फुगवून फिरत होतास."

खरंच होतं ते. जागो तिसऱ्या पेनवर्नवर खलाशी होता. डेंझिलचा बाप्तिस्मा जहाजाच्या उलट्या घंटेतल्या पाण्यानं झाला आणि नौदलाच्या रीतीप्रमाणे घंटेच्या आतल्या बाजूला नाव कोरलं गेलं. पुढे पोरगा त्याच जहाजावर गेला. तो आणि घंटा, दोघंही तळाला गेले.

आज कप्तानाच्या तान्ह्या रोवेनाचा बाप्तिस्मा होता. नवी घंटा उलटी करून पाण्यानं भरली होती.

"निदान हिच्यात तरी त्याचं नाव कोरा."

"हिच्यात पहिलं नाव रोवेनाचं, बाई. गेल्याच महिन्यात ओतलीय. आतून कोरी आहे."

विनिफ्रेड वाकली. ओहोटीच्या चिखलाचा वास आला. तिने हात घातला. पाणी बर्फासारखं गार.

बोटांखाली अक्षरं लागली. डेंझिल ट्रेगियर, १९२३. कोरणाऱ्याचं हत्यार घसरून पडलेला ओरखडाही तिथंच.

"जागो! आहे रे, आपला आहे!" तिला रडू फुटलं.

जागोने आत पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. "त्याच्या खालचं वाच."

रोवेना. अक्षरं झिजलेली, हिरव्या गंजानं भरलेली.

"थांबवा! पोरीला हे पाणी लावू नका!"

अधिकाऱ्याने अदबीनं तिचा दंड धरला. "तुमचं दुःख समजतो, बाई." तिला शिडीवरून खाली नेलं.

मागे टाळ्या वाजल्या. तिने वळून पाहिलं. पाद्र्याने बोट फिरवलं होतं तिथं, रोवेनाच्या कपाळावर हिरवा क्रूस उमटला होता. तिची आई हसत हसत रुमालानं तो पुसत होती.

तो जात नव्हता.