साठ फेऱ्या

"एक मिनिट तेरा सेकंद!"

मैनाने घड्याळाचा खटका दाबला आणि आकडा ओरडून सांगितला. मग तो सांगितल्याबद्दल तिलाच वाईट वाटलं.

कामतघरच्या तलावात पायरीला धरून अनंता, म्हणजे तिचे बाबा, धापा टाकत होते. काठावर छत्री उघडून भाऊ मुकादम बसला होता; तरुणपणी खाडी पोहून गेला होता म्हणून सरावही तोच घ्यायचा. त्याने कपाळावर हात मारला.

"तेरा? अरे, महिन्यापूर्वी सहा लावत होतास! पोहतोस का डुंबतोस?"

"न्हाय जमत, भाऊ," अनंता एवढंच म्हणाला.

"न्हाय जमत काय! उद्यापासून चाळीसच्या जागी साठ फेऱ्या. सगळ्या जोरात. मध्ये थांबायचं न्हाय!"

मैनाच्या एका बाजूला तिचा चुलतभाऊ मोरू बसला होता आणि दुसऱ्या बाजूला चाळीतला त्यांचा दोस्त रईस. साठ म्हटल्यावर तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

मुंबईतली एक मोठी कंपनी आपल्या जलतरण संघासाठी दोन माणसं घेणार होती. शर्यत शंभर मीटरची. पहिल्या दोघांना संघात जागा आणि कायमची नोकरी. वयाची अट तीस, आणि अनंता जुलैत तीस पुरा करणार होता. म्हणजे हीच पहिली आणि शेवटची संधी होती. निवडीला अठरा दिवस उरले होते.

ही नोकरी का हवी, हे चाळीत कुणी बोलून दाखवत नसे. मोरूचे बाबा लडकू अठरा वर्षं लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होते. आता ते दारात बसून खोकत. कापसाची भुकटी छातीत बसली आहे, असं डॉक्टर म्हणाले होते. आणि गेल्या पावसाळ्यापासून लूमवरच काम करणाऱ्या अनंतालाही पहाटे खोकला येऊ लागला होता. मैना गोधडीतून तो ऐकायची.

"घड्याळच बिघडलंय!" घरी परतताना मोरू म्हणाला. "शाळेतल्या ड्रिलच्या सरांचं घड्याळ ते. सरांसारखंच आळशी!"

"आळशी असतं तर वेळ कमी दाखवली असती, अक्कलवंता," मैना म्हणाली.

तरी त्यांनी ते पोस्टातल्या घड्याळाशी दहा मिनिटं लावून पाहिलं. एका सेकंदाचाही फरक नव्हता. मग मोरूला दोरीची शंका आली. रईसचे अब्बा कापडाच्या घड्या घालण्याच्या खात्यात कामाला होते. रईसने तिथला मीटरचा गज मागून आणला आणि तिघांनी काठापासून पाण्यात तरंगणाऱ्या पिंपापर्यंतची दोरी मोजली. बरोबर पन्नास मीटर!

"दोरी बराबर, घड़ी बराबर," रईस म्हणाला. "फिर गड़बड़ कहाँ है?"

मैनाने गज उचलला. गडबड बाबांमध्येच असेल तर? खोकला आत्ताच छातीत उतरला असेल तर? ती ते बोलली नाही. बोलली असती तर मोरू रडला असता.

त्या दुपारी तिने भूगोलाची वही काढली. मागच्या पानावर ती रोजची वेळ लिहून ठेवायची. तिघंही पानावर वाकले.

"ये देख!" रईसने अचानक बोट ठेवलं. "शनिवार, सात. इतवार, आठ. फिर नौ, दस... गुरुवार को बारह. अगले शनिवार फिर आठ!"

"म्हणजे शुक्रवारी तळ्यात परी येते आणि काकाला ताकद देते?" मोरू म्हणाला.

"शुक्रवारी लूम बंद असतात," मैना हळूच म्हणाली. "आणि भाऊकाका सासुरवाडीला, अंबाडी गावाला जातात. त्या दिवशी बाबा पोहतच नाहीत! आणि हे बघ. भाऊकाका लग्नाला चार दिवस गेले होते ना? तेव्हाही बाबा पोहले नाहीत. भाऊकाका आले त्या सकाळी एक मिनिट पाच. सगळ्यात चांगली वेळ!"

बारा तासांची पाळी, त्याआधी रोज न थांबता चाळीस फेऱ्या. बाबा आजारी नव्हते, दमले होते!

वही घेऊन ते धावतच भाऊ मुकादमाकडे गेले. भाऊच्या हाताखाली वीस लूम होते. त्याने पान पाहिलं आणि तंबाखूची पिंक टाकली.

"लूम बंद ठेवून कापड निघतं का रे? जितका चालेल तितका माल! वीस वर्षांत मी लूम उभा राहू दिला न्हाय. माणूस काय लूमपेक्षा नाजूक हाय?"

"हो, काका," मैना म्हणाली.

"जा, खेळा जावा!"

मैनाने बाबांनाही सांगून पाहिलं. ते जेवत होते. "भाऊने निवडीच्या दिवसाची रजा मिळवून दिली, सरांकडून घड्याळ आणलं," ते म्हणाले. "त्याचा शब्द कसा मोडू, मैने? आणि माझ्यात आता राहिलंच काय हाय?" त्यांनी अर्धी भाकरी तशीच बाजूला ठेवली.

त्या रात्री तिघं चाळीच्या पायरीवर बसले होते. कुणालाच काही सुचत नव्हतं.

"फेऱ्या मोजतं कोण?" मोरूने एकाएकी विचारलं.

"आपणच. फेरी झाली की डब्यात खडा."

"और भाऊ चाचा?"

"ते फक्त डबा बघतात!"

दुसऱ्या दिवसापासून एका फेरीला दोन खडे पडू लागले. राहिलेला वेळ भरून काढायचं काम रईसकडे होतं. दर पाच फेऱ्यांनी तो भाऊसमोर चहाचा कप धरायचा.

"चाचा, आपने खाड़ी कैसे पार की थी?"

"अरे, काय सांगू! भरतीचं पाणी, वरून वारा..." भाऊ तलावाकडे पाठ करून हातवारे करू लागे. मोरू पाण्यातल्या काकाला थांबायची खूण करी. गोष्ट संपेपर्यंत अनंता दोरी धरून दम खाई.

"ही गोष्ट रोज लांबत चाललीय," मोरू कुजबुजला. "काल खाडीत एक मगर होती, आज दोन झाल्या!"

पहिल्याच दिवशी तिसाव्या फेरीला मैना ओरडली, "साठ झाल्या!"

अनंताने डोकं वर काढलं. तो मनात मोजत होता. त्याने लेकीकडे बराच वेळ पाहिलं.

"मैने, शाळेत मोजायला शिकवतात ना?"

"हो, बाबा."

"बरं," तो म्हणाला आणि पाण्याबाहेर आला.

बारा आले, मग दहा, मग सात. निवडीच्या चार दिवस आधी मैनाने घड्याळ दोनदा पाहिलं. "एक... एक मिनिट चार!"

भाऊने छत्री फेकली. "बघितलंत? साठ फेऱ्यांचा प्रताप!"

"तीस!" मोरूच्या तोंडून निघून गेलं.

मग सगळंच सांगावं लागलं. भाऊने डबा ओतला, खडे पाहिले, पुन्हा भरले.

"मला मूर्ख बनवलंत," तो शेवटी म्हणाला. "बरं केलंत. अनंता, आता रविवारपर्यंत पाण्याला हात लावायचा न्हाय. तुझी पाळी मी बदली माणसावर काढतो."

रविवारी मुंबईच्या तरणतलावावर आठ जणांनी उड्या घेतल्या. मैना कठड्यावरून वाकली. वळताना अनंता पाचवा होता. मग चौथा. मग तिसरा! "बाबा! बाबा!" ती ओरडत राहिली.

एक मिनिट दोन सेकंद. आयुष्यातली सगळ्यात चांगली वेळ होती ती.

तो तिसरा आला होता. घेतले पहिले दोन.

कंपनीचे प्रशिक्षक वयस्क होते. त्यांनी अनंताला टॉवेल दिला आणि सराव कसा केला ते विचारलं. भाऊने खाली मान घालून सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

"थोड्या फेऱ्या, जोरात, आणि मध्ये पुरती विश्रांती," प्रशिक्षक म्हणाले. "वेगाचा पोहणारा असाच तयार होतो. या मुलांनी ते कुणी न शिकवता शोधलं! शाबास रे पोरांनो! फक्त महिनाभर आधी व्हायला हवं होतं. या माणसात अजून दोन सेकंद होते."

चाळीत सगळ्यांनी कौतुक केलं. लडकूकाकांनी खोकत खोकत तिघांच्या पाठी थोपटल्या. भाऊ मुकादम तर दारोदार सांगत फिरला, की पोरं माझ्यापेक्षा शहाणी निघाली.

मैना कोपऱ्यात बसून होती. अनंता तिच्याजवळ आला.

"रुसलीस?"

"आम्हाला उशिरा कळलं, बाबा."

"तुम्हाला कळलं तरी," तो म्हणाला. "आम्हा मोठ्यांत कुणालाच कळलं नव्हतं."

तिने मान हलवली. इतक्या लोकांनी शाबासकी दिली होती, आणि तिला त्यातली एकही नको होती. तिला फक्त तो एक महिना परत हवा होता.

सोमवारी आठच्या पाळीला अनंता निघाला. मैना गल्लीच्या वळणापर्यंत त्याच्याबरोबर गेली. तिथून पुढे लूमचा खडखडाट इतका होता, की तो वळून काय म्हणाला ते तिला ऐकू आलं नाही. तिने हात हलवला. तो आत गेला.