सोळा शून्यं

वेंडेलच्या तळघरात एक संगणक गेले चाळीस दिवस एकच संख्या तपासत होता. संख्या चार कोटी अंकांची. कागदावर छापली असती, तर तळघरात कागद राहिले असते आणि वेंडेल बाहेर.

तपासणीच्या शेवटी सोळा अंकी बाकी येते. सोळाही शून्यं आली तर संख्या मूळ, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही. शोधणाऱ्याचं नाव तिला कायमचं चिकटतं. नाहीतर कचरा. मग दुसरा हौशी माणूस आपल्या यंत्रावर पडताळतो. दोन्ही बाक्या जुळल्या की प्रकरण बंद. पुन्हा कुणी त्या संख्येकडे ढुंकून पाहत नाही.

ही संख्या मुळात मर्लची. डुलुथच्या धक्क्यावर दोघांनी तीस वर्षं जहाजांत लोहखनिज भरलं. मर्लने अंथरूण धरलं तेव्हा संख्या वेंडेलच्या हवाली केली.

"हीच आहे बघ. मला वास येतोय."

"औषधांचा येतोय."

"गप रे. निघाली तर माझं नाव लाव. एवढंच कर."

फेब्रुवारीत मर्ल गेला. मार्चमध्ये सत्त्याण्णव टक्क्यांवर संगणक बंद पडला आणि झालेलं सगळं काम पुसलं गेलं. पुन्हा चाळीस दिवस? तेही लाखात एक शक्यतेसाठी? वेंडेल गॅरेजमध्ये गेला, बर्फ उडवायच्या यंत्राच्या पट्टीवरचा सोळा अंकी क्रमांक उतरवला आणि बाकी म्हणून नोंदी ठेवणाऱ्यांना पाठवून दिला.

एप्रिलमध्ये पडताळणी आली. बाकी जुळली होती, सोळाच्या सोळा अंक.

पडताळणाऱ्याचं नाव: मर्ल हॉगलंड.

मर्लचा संगणक वेंडेलच्याच गॅरेजात होता. ताडपत्रीखाली. वायर काढलेली.

वेंडेलने नोंदी ठेवणाऱ्या ग्वेंडाला फोन लावला.

"माझी बाकी खोटी आहे. ती संख्या पुन्हा तपासायला घ्या."

"खोटी बाकी जुळते कशी?"

"तेच तर! पडताळणारा मेलाय."

"माणूस मरतो, यंत्र चालू राहतं. आमच्या यादीत असे नऊजण आहेत. फार नियमित असतात, कधी फोन करत नाहीत. वेंडेल, जेवलायस का तू?"

मग त्याने स्वतःच पुन्हा तपासायला घेतली. या वेळी प्रामाणिकपणे. रोज रात्री झालेलं काम साठवून ठेवत, डबाबंद सूप खात, कुणाशी न बोलता.

चाळिसाव्या दिवशी सकाळी बाकी आली.

ते अंक त्याला पाठ होते.

म्हणजे संख्या कचराच होती. म्हणजे त्याने मर्लचं काहीच चोरलं नव्हतं. वेंडेल हसला. बऱ्याच दिवसांनी, आणि नीट जमलं नाही.

एकदा ताडून बघावं म्हणून तो गॅरेजमध्ये गेला. बर्फाच्या यंत्रावरची धूळ बाहीने पुसली.

पट्टी तीच होती. तेच चार गंजके स्क्रू.

तिच्यावर सोळा शून्यं कोरलेली होती.

खाली, बारीक अक्षरात, मर्लचं नाव.