भाजावळ

मंगळावरच्या त्या छत घातलेल्या विवराला चंद्रभागा गोताड सडाच म्हणायची. रत्नागिरीच्या सड्यावर, त्या उघड्या कातळी माळावर वाढलेल्या बाईला दुसरा शब्द कुठून सुचणार? इथे हवा होती, पाणी होतं; वैरीण होती ती धूळ. उघड्या कातळावरून उडणारी ती विषारी धूळ छातीत गेली की साधा माणूस वर्षभरात संपायचा. म्हणून वसाहतीने 'पहिलकरी' घडवले. आपण मसाल्यात घालतो त्या दगडफुलाचा एक भाऊबंद त्यांच्या फुफ्फुसांत रुजवला होता. तो आत आलेली धूळ खाऊन टाकायचा.

कातळावर आधी दगडफूल येतं. ते दगडाची माती करतं, मातीत गवत उगवतं, गवत धूळ धरून ठेवतं. मग झुडपं, मग झाडं. हा क्रम निसर्गाचाच, वसाहतीला फक्त घाई होती.

चंद्रभागा त्या पहिलकऱ्यांतलीच; वीस वर्षं कातळाला दगडफूल लावत होती. तिची मुलगी शेवंती साध्या फुफ्फुसांची निपजली आणि एकोणीस वर्षं काचघरात कोंडलेली राहिली. एकदा तरी मातीवर चालायचं, एवढंच तिचं मागणं. आईचा जीवही त्यातच अडकला होता.

पण गवत टिकेना. दरवर्षी पसरायचं आणि दरवर्षी मागे पडायचं. यंदा वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. हेमांगी लिमये आल्या आणि त्यांना कारण सापडलं. चंद्रभागा दरवर्षी भाजावळ करी. वाळकं गवत, पालापाचोळा जमिनीवर पसरून पेटवून द्यायचा, म्हणजे जमिनीला कस येतो, हे तिच्या बापजाद्यांनी शिकवलेलं. शिवाय भाजावळीनंतर तिची छाती हलकी व्हायची. धुराचा गुण, असं ती समजायची.

"धुराने नाही, धुळीने," लिमयेबाई म्हणाल्या. "तुम्ही गवत जाळता, कातळ उघडा पडतो, धूळ उडते. तुमच्या छातीतल्या दगडफुलाला जेवण मिळतं."

"आन धूळ न्हाय मिळाली तर?"

"तर ते फुफ्फुस खातं."

ते काढता येत नव्हतं, आणि डबाभर धूळ हुंगून त्याचं भागणार नव्हतं. चंद्रभागेने बाकीच्या विवरांतल्या पहिलकऱ्यांची चौकशी केली. तिथली झाडं चांगली मोठी झाली आहेत, असं बाईंनी सांगितलं. तिने पुन्हा माणसांचंच विचारलं.

"आम्ही कोणाला काढत नाही, चंद्रभागाबाई. पहिली वनस्पती स्वतःच जमीन अशी करून ठेवते, की तिथे मग तिलाच जगता येत नाही."

"ह्ये आधी म्हाईत व्हतं?"

"पहिल्या दिवसापासून."

यंदा जाळायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा, असंही बाई म्हणाल्या. चंद्रभागेने ऊर बडवून घेतला नाही. गवतामागून झुडपं येतात, मग गवताचं काय होतं, एवढंच तिने विचारलं. बाईंची नजर काचघरातल्या शेवंतीकडे गेली आणि परत आली. ते पुढचं पुढे बघू, म्हणाल्या.

वाळक्या गवताचा भारा कवेत घेऊन ती काचघरापाशी गेली. आतबाहेर बोलायला भिंतीत एक जाळी होती.

"यंदा भाजू का गो, बाय?"

शेवंतीने वर पाहिलं नाही, तेव्हाच आई समजली. बाईंनी पोरीला आधीच सगळं सांगितलं होतं. शेवंती आपल्या पावलांकडे बघत होती. मग तिने हळूच विचारलं, "आये, भायेर चपला लागतील, का अनवाणी चालंल?"

क्षणभर चंद्रभागेला ती काच फोडून टाकावीशी वाटली. वीस वर्षं छातीत विष ओढलं ते हिच्यासाठी. मग तिने भारा खाली ठेवला.

"अनवाणीच ये. माती मऊ हाय."

आठ महिन्यांनी काचघराचं दार उघडलं. गवताच्या कडेला चंद्रभागेला उशांना टेकवून बसवलं होतं. एकेक श्वास तिला ओढून घ्यावा लागत होता. शेवंती गवतात धावली, हसली, दोन्ही हातांनी माती उधळत बसली. लिमयेबाई मागे वहीत काहीतरी लिहीत होत्या.

तेवढ्यात चंद्रभागेला शेवंतीच्या टाचेजवळ चकचकीत पानांचं एक रोपटं दिसलं. करवंदाचं. बाईंनी ते कधी पेरलं, कोण जाणे. सड्यावर वाढलेल्या बाईला करवंदाची जाळी माहीत होती. तिच्याखाली गवत जगत नाही, आणि पहिलकऱ्यांमागून आलेली तिची पोर गवतच होती. तिने पोरीला हाक मारायला तोंड उघडलं, पण हाकेपुरता श्वास तिच्याकडे उरला नव्हता.