गुडघ्याएवढ्या उंचीची पेटी

भावोजींनी चिठ्ठी तीनदा वाचली आणि डोळे पुसले. वहिनींनी एकदाच वाचली आणि चष्मा पुसला.

‘मधल्या सुट्टीत डबा एकटिच खाते. मी आले की सगळे गप्प होतात. उद्यापासून मी येणार नाही.’

‘एकटिच’भोवती गोल होता आणि समासात पुन्हा नीट लिहिलं होतं : एकटीच. खाली नाव नव्हतं.

वहिनी खासगी तपास करत. भावोजी, म्हणजे त्यांचे धाकटे दीर, त्यांची पिशवी सांभाळत आणि स्वतःला सहायक म्हणवत. समोर शाळेच्या मानसशास्त्रज्ञ आपल्या खोलीत बसल्या होत्या. अकरा देशांची मुलं त्यांना एकाच नावानं हाक मारत : मनताई.

“आज सकाळी मनपेटीत मिळाली,” मनताई म्हणाल्या. “मनातलं लिहा, टाका; कुणी लिहिलं ते मी शोधणार नाही, असा शब्द दिलाय मी मुलांना. पण ‘येणार नाही’ वाचल्यावर शब्द कुरवाळत बसू? चारला शाळा सुटते. त्याआधी ती पोर मला हवी.”

“म्हणजे शब्द मोडायचा, तोही माझ्या हातानं!” वहिनी हसल्या. “बरं. मराठी लिहिणाऱ्या मुली किती?”

“तीनच.”

इतक्यात बाहेरचा कलकलाट थांबला, कुणी नळ बंद करावा तसा. दारात मुख्याध्यापिका उभ्या होत्या, एक हात कमरेवर.

“आपण?”

भावोजींनी ऐटीत कार्ड पुढे केलं. बाईंनी ते वाचलं, लाल पेन काढलं, छापलेल्या ‘गूप्त तपास’मधल्या पहिल्या शब्दाला गोल केला, कडेला ‘गुप्त’ लिहिलं आणि कार्ड परत दिलं.

“हे मुलांच्या हाती देऊ नका.”

“छापखान्याची चूक,” भावोजी पुटपुटले.

“तपास कसला?”

“एक मुलगी उद्यापासून येणार नाही म्हणतेय,” मनताई म्हणाल्या.

बाईंनी लाल पेनाला टोपण लावलं. “मुलगी,” त्या म्हणाल्या. “असं.” आणि कंबर धरून गेल्या. त्या कोपऱ्यावरून वळल्यावरच नळ पुन्हा सुटला.

मुलींना एकेकीला बोलावलं.

पहिली आत आली तीच बोलत. “मी आले की सगळे गप्प? ओ मावशी, मी आले की सगळे कानात बोटं घालतात!”

दुसरीला डब्याबद्दल विचारलं. “माझा पहिल्याच तासाला संपतो. मग मी सगळ्यांच्यातलं खाते.”

तिसरी मात्र खरंच एकटी जेवायची. भावोजींनी वहिनींना कोपर मारलं.

“वाईट वाटतं का गं बाळा?” भावोजींनी रुमाल काढत विचारलं.

“वाटतं ना. गोष्ट रंगात आलेली असते आणि कुणीतरी बोलायला येतं. आत्ता तुम्ही आलात तसं.”

वहिनींनी तिघींना एकच वाक्य लिहायला सांगितलं. तिघी चुकल्या. एकीनं खोडलं, दुसरीनं थुंकी लावून पुसलं, तिसरीनं चूक तशीच ठेवली.

मग वहिनी पेटी बघायला गेल्या. बालवर्गाचाही हात पोचावा म्हणून ती गुडघ्याएवढ्या उंचीवर होती. भावोजी चिठ्ठी टाकून बघायला वाकले आणि तसेच राहिले.

“वहिनी! कंबर!”

“भावोजी,” त्यांना सरळ करत वहिनी म्हणाल्या, “आज खरे कामाला आलात.”

साडेतीनला मनताईंच्या खोलीत वहिनींनी मुख्याध्यापिकांना बोलावलं आणि दार लावलं.

“सापडली का मुलगी?” बाईंनी विचारलं.

“लेखिका सापडली. मुलगी नाही.” वहिनींचा आवाज उतरला होता, निजलेल्याला उठवताना उतरतो तसा. “मूल चुकलं की खोडतं. चुकीला गोल करून समासात लिहायला अर्धं आयुष्य वह्या तपासाव्या लागतात. चिठ्ठीत गोल आहे, आणि आमच्या कार्डावरही. पेटी इतकी खाली, की मोठ्या माणसाची कंबर धरते. आणि कुणी आलं की सगळे गप्प होतात, हे तर आम्ही याच खोलीतून ऐकलं.”

मनताईंचा हात तोंडावर गेला.

“नोकरी सोडताय?” मनताईंनी हळूच विचारलं.

“छे! शिक्षकांच्या खोलीत डबा खायला येणार नाही, एवढंच.” बाईंनी चष्मा काढला. “मी दारात पाय ठेवते आणि चमचेसुद्धा थांबतात हो. वीस वर्षं झाली. तुमच्या पेटीवर लिहिलंय ना, कुणीही टाकावं? मी टाकली. पहाटेपासून तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिली, तरी ‘एकटीच’ चुकलंच.”

“उद्या डबा इथे आणा,” मनताई म्हणाल्या. “मी जेवताना फार बोलते. घरचे वैतागतात.”

बाई हसल्या. मग नेहमीचा आवाज शोधून म्हणाल्या, “ठीक. आणि ती पेटी... खालची राहू द्या. एक वरही लावा. छातीएवढी. कंबर काय माझी एकटीचीच आहे?”

दुसऱ्या दिवशी वरची पेटी लागली. मधल्या सुट्टीपर्यंत तिच्यात शिक्षकांच्या नऊ चिठ्ठ्या पडल्या होत्या, आणि मनताईंच्या बंद दारामागून दोन बायकांचं हसू ऐकू येत होतं.

तपास लागला त्या संध्याकाळी मात्र, फाटकाबाहेर पडताना, भावोजी वहिनींच्या मागे कंबर चोळत धावले.

“ते सगळं कळलं हो वहिनी. पण मग ती मुलगी गेली कुठे?”