डाव्या हाताचं अक्षर

वैशाखात कचेरी सकाळची असते. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी, कचेरी सुटल्यावर, नृसिंह नगरच्या बाजारात दोन जिन्नस घ्यायला गेला. वडिलांच्या अंगाला चोळायचं तेल, आणि सहा वर्षांच्या लेकीला पाटी. लढाई चालू होती, साखर-रॉकेलला रांगा लागत होत्या. पण तेल आणि पाटीवर सरकारची अजून नजर गेलेली नव्हती. पिशवी सायकलच्या दांडीला अडकवून तो पुण्याच्या रस्त्यानं केडगावला निघाला. समोरून लष्कराच्या लॉऱ्या धुरळा उडवत येत होत्या. इतका साधा दिवस, की पुढचं सगळं त्या पाटीपासून सुरू झालं हे त्याला स्वतःला कितीतरी दिवस खरं वाटलं नाही.

नृसिंह कचेरीत नक्कलनवीस होता. दस्तांच्या नकला करायच्या, एवढंच काम. पण अक्षर असं, की मामलेदारांनी चष्मा काढून बघावं. कोणी तारीफ केली की तो मान खाली घालून म्हणायचा, "आण्णांनी वळण लावलं." ते कसं लावलं, हे कोणी विचारत नसे. वळण लावणं हा आपल्याकडे मोठा शब्द. त्याच्या पोटात काय काय खपून जातं, ते ज्याला लागलं त्यालाच ठाऊक.

नृसिंह जन्माचा डावरा. भिक्षुकाचा मुलगा, आणि पंगतीत डाव्या हातानं वरणभात कालवतो! विष्णुपंतांनी, म्हणजे आण्णांनी, धोतराची पट्टी फाडून पोराचा डावा हात तीन आठवडे कमरेला बांधून ठेवला. तरी सुधारेना, तेव्हा फोडणीची लोखंडी पळी चुलीत लाल केली. नृसिंह तेव्हा सात वर्षांचा होता. डाव्या तळव्यावर रुपयाएवढा गोल डाग राहिला आणि हात शहाणा झाला. कागद दाबून धरायचा आणि सायकलची घंटा वाजवायची, याहून जास्त त्यानं पुढे तीस वर्षं काही मागितलं नाही. नृसिंहाला त्या दिवसातलं इतकंच आठवायचं: लाल पळी, आण्णांचा चेहरा आणि तो वास.

आता आण्णा खाटेवर होते. आठ महिन्यांपूर्वी अंगावरून वारं गेलं आणि उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. हलायचा तो फक्त डावा हात, आणि त्याचीही मूठ मिटलेली. ती मूठ त्यांनी आयुष्यभर तशीच आवळून धरलेली. जुनी खोड म्हणून कोणी लक्षही देत नसे.

तृतीयेला सकाळी पाटीची पूजा झाली. सरोजिनीनं पाटीला हळदकुंकू वाहिलं, पेन्सिल उचलली आणि 'श्री' काढायला वाकली. पेन्सिल डाव्या हातात होती.

खाटेवरून घोगरा, ओला आवाज आला. आण्णांची डावी मूठ हवेत उठली होती आणि वळणीवरच्या धोतराकडे वळली होती. सांगायची गरजच नव्हती. सदतीस वर्षांचा बाप्या एका क्षणात सात वर्षांचा झाला, उठला आणि त्यानं धोतराची पट्टी फाडली.

पण गाठ मारायला दोन हात लागतात. उजव्या हातानं टोक ओढलं की डावी बोटं दुसरं टोक सोडून देत. एकदा झालं, दोनदा झालं, तिसऱ्यांदा त्याला घाम फुटला.

"अगं, जरा एक टोक धर," तो बायकोला म्हणाला.

"अहो, लहान आहे हो ती…" विजया पुटपुटली. मग सासऱ्यांकडे बघितलं आणि तिनं उजव्या हातानं टोक घट्ट धरलं. गाठ बसली. पोर रडून रडून झोपली.

दुपारी जेवणं झाली आणि घर निजलं. भूतं रात्री निघतात असं म्हणणाऱ्यानं वैशाखातली नगरकडची दुपार बघितलेली नसावी. पत्रा तडतडत असतो, लांब कुठं तरी एक घार ओरडते, आणि आपल्याशिवाय जगात कोणी उरलं नाही असं वाटतं. नृसिंहाचा डोळा लागला होता. आवाजानं जाग आली. किर्र… किर्र… पाटीवर पेन्सिल चालत होती.

त्याला वाटलं, सरोज. पण सरोज आईच्या कुशीत होती. मग त्यानं खाली पाहिलं. पाटी त्याच्याच मांडीवर होती आणि पेन्सिल त्याच्याच डाव्या हातात. शेवटची रेघ ओढून हात थांबला आणि गरीब पोरासारखा बाजूला पडून राहिला. पाटीवर मोठी, वाकडी, सात वर्षांच्या मुलाची अक्षरं होती.

पळी तापव.

त्यानं धोतराच्या सोग्यानं पाटी पुसली. खाटेकडे पाहिलं. आण्णा टक्क जागे होते आणि त्याच्या हाताकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी रविवार. बन्सी न्हावी आण्णांची दाढी करायला आणि अंगाला तेल चोळायला आला. त्या घराची चाळीस वर्षं हजामत करणारा म्हातारा. नृसिंहाचं जावळही त्यानंच काढलेलं. मानेवरून वस्तरा फिरवता फिरवता तो थांबला.

"दादा, जरा हिकडं या. ह्ये बगा."

आण्णांच्या गळ्यावर निळे वळ होते.

"ह्यो अंगठा. ही चार बोटं," बन्सी हळूच म्हणाला. "डाव्या हाताची हायेत."

नृसिंहानं डावा हात उपरण्याखाली घेतला. बन्सीनं ते पाहिलं. नृसिंहाला पाटी आठवली. झोपेत उठून आपण बापाचा गळा दाबतो? आज वळ उठलेत, उद्या काय होईल? त्यानं बन्सीला ओसरीवर नेलं आणि पाटीचं सगळं सांगून टाकलं.

"देवऋषी आणू का रे?"

"देवऋषी बाहेरचं काढतो, दादा. ह्ये बाहेरचं न्हाई. तुमचंच पोर हाय ते, तुमीच आत कोंडल्यालं. तीस वर्सं उपाशी हाय. माराय गेलात तर लई चवताळंल. म्होरं बसवा आन् इचारा, बाबा, काय दुखतंय तुजं?"

"आणि त्यानं… आण्णांचा जीव मागितला तर?"

बन्सीनं वस्तरा पुसून धोकटीत ठेवला. "तर न्हाई म्हना. पर आदी इचारा तरी."

दुपारी विजया सरोजला घेऊन शेजारी कुरडया घालायला गेली. पोरीचा हात अजून बांधलेलाच होता. नृसिंहानं दाराला कडी घातली, खाटेशेजारी बैठक मारली आणि पेन्सिल डाव्या बोटांत दिली. खोलीत तेलाचा उग्र वास कोंडला होता. आण्णांचा श्वास घरघरत होता. त्यानं डोळे मिटले.

"कोण आहेस?"

किर्र… किर्र… त्यानं डोळे उघडले. पाटीवर होतं: नरू.

नरू त्याला फक्त आई म्हणायची. ती गेली आणि ते नावही तिच्याबरोबर गेलं.

"काय पाहिजे तुला?"

पळी तापव.

"नाही," तो म्हणाला. "म्हातारा माणूस आहे रे. अर्धा मेलेला आहे. त्यांनी केलं ते वाईटच केलं, पण मी त्यांना हात…"

डाव्या हातानं पाटी रागारागानं पुसली. मग लिहिलं: आण्णा नाही.

"मग कोण…?"

पेन्सिल इतक्या जोरानं दाबली गेली की मोडली. उरलेल्या तुकड्यानं हात लिहीत राहिला. पळी कुणाच्या हातात होती?

आणि नृसिंहाला दिसलं. तीस वर्षं जे अर्धंच दिसत होतं ते पुरं दिसलं. आण्णांचा चेहरा जवळ नव्हताच. ते लांब, स्वयंपाकघराच्या दारात, हाताची घडी घालून उभे होते. "तूच दे डाग," ते म्हणत होते. "म्हणजे जन्मभर लक्षात राहील." पळीचा दांडा त्याच्याच उजव्या हातात होता. त्यानंच ती डाव्या तळव्यावर टेकवली होती. आण्णा म्हणाले, "शाबास." आणि ती शाबासकी इतकी गोड लागली, की त्यानं पळी आणखी दाबली.

डावा हात उठला आणि त्यानं उजवं मनगट पकडलं. ती पकड नक्कलनवीसाची नव्हती. हाडं करकरली. तो स्वयंपाकघराकडे खेचला जाऊ लागला. चुलीत निखारे होते आणि खिळ्याला पळी. त्याला कळलं, हात काय मागतोय ते. मोत्यासारखं अक्षर, नोकरी, घरची चूल, सगळं ज्या हातावर उभं होतं तो हात. वैर त्या हाताशी होतं. वैर त्याच्याशीच होतं.

चुलीपुढं तो गुडघ्यावर बसला आणि लहान मुलासारखा रडला.

"मीच केलं, नरू. आण्णांनी शाबास म्हणावं म्हणून केलं. आणि काल पोरीला बांधलं, तेही त्याचसाठी. जाळायचा तर जाळ हा हात. माझी ना नाही. पण आधी तिची गाठ सोडू दे… तेवढं कर."

पकड हळूहळू सैल झाली. डाव्या हातानं राखेत बोट फिरवलं: सोड.

तो अनवाणी धावत शेजारी गेला. चार बायकांदेखत त्यानं पोरीची गाठ सोडली. डाव्या हातानं, एका हिसड्यात. घरी येऊन खिळ्यावरची पळी काढली आणि परसातल्या आडात टाकली. डुबुक आवाज झाला, तो त्यानं नीट ऐकला. संध्याकाळी पहिला घास डाव्या हातानं घेतला आणि ढसाढसा रडला. अन्नाला अशी चव असते हे तो विसरून गेला होता. त्या रात्री तो जसा झोपला तसा सातव्या वर्षानंतर झोपला नव्हता. इथंच गोष्ट संपती तर किती बरं झालं असतं.

सोमवारी कचेरी सुटून तो भर दुपारी घरी आला. ओसरीवर पाय ठेवला आणि तो वास आला. तापल्या लोखंडाचा आणि कातड्याचा.

विजया आतल्या दारात भिंतीला चिकटून उभी होती. "मी अंगणात कुरडया वाळत घालत होते," ती म्हणाली. "दारातून कोणी गेलं नाही… शपथ घेते… कोणीच गेलं नाही."

आण्णा खाटेवर होते. लुळा पडलेला उजवा हात छातीवर उताणा होता आणि त्याच्या तळव्यात रुपयाएवढा गोल, ताजा, काळा डाग होता. त्यातून अजून धूर येत होता. म्हाताऱ्यानं ओरडायचं कारण नव्हतं. त्या हाताला काही कळतच नव्हतं. डावी मूठ मात्र उघडी होती. नृसिंहानं ती जन्मात पहिल्यांदा उघडी पाहिली. त्या तळव्यातही डाग होता. जुना, पांढुरका, साठ वर्षांपूर्वीचा असावा असा.

पाटी उशाशी होती. तिच्यावर मोठ्या, वाकड्या, लहान मुलाच्या अक्षरांत एकच शब्द होता: फिटलं.

ते अक्षर नरूचं नव्हतं. नृसिंहाला त्या गळ्यावरच्या बोटांची आठवण झाली. आपलीच बोटं म्हणून तो आदल्या दिवशी मरणाच्या भयात होता; ती आण्णांच्याच डाव्या हाताची होती. आण्णांना कोणी कधी काही विचारलं नव्हतं, आणि आण्णांनीही कधी काही कबूल केलं नव्हतं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दुःखानं की सुखानं, ते त्याला ठरवता येईना.

"पळी?" त्यानं विचारलं. "पळी कुठली?"

विजयानं नुसतं बोट दाखवलं. पळी स्वयंपाकघरात तिच्या खिळ्यावर होती. तिच्या वाटीत आडातलं हिरवं शेवाळ होतं आणि तिच्यातून खाली थेंब थेंब पाणी गळत होतं.

आण्णा पुढे आठ दिवस जगले. मूठ पुन्हा मिटली नाही. पळी नृसिंहानं लोहाराच्या भट्टीत स्वतःच्या डोळ्यांदेखत वितळवून घेतली. आता तो डाव्या हातानं लिहितो. अक्षर गिचमीड येतं, साहेबांची बोलणी खातो, आणि तरी घरी येताना सायकलवर शीळ घालतो.

सरोजिनीच्या मनगटावरचा पट्टीचा वळ मात्र जात नाही. एका दिवसाची तर गाठ. दोन महिने झाले, बन्सीनं तेलं लावून पाहिली, वळ उलट काळाच पडत चाललाय. दुपारी सगळं शांत झालं की ती तो चोळत बसते.

"माझी गाठ कुणी मारली होती?" तिनं एकदा विचारलं.

"मी मारली, बाळ," नृसिंह लगेच म्हणाला. "चुकलं माझं."

तिनं मान डोलावली. मग ती पाटी घेऊन आईसमोर जाऊन बसली.

"आणि दुसरं टोक कुणी धरलं होतं?"

रोज दुपारी ती हे विचारते. विजया आपला उजवा हात पदराखाली घेते आणि पळीच्या खिळ्याकडे बघते.